ढिल्या हँडब्रेकच्या नोंदी

१७ मे, शनिवार

आज गाडी मागे गेली. रॅम्पवर गेट उघडायला उतरत होतो, हँडब्रेक चांगला कचकचून वर ओढलेला, एक पाय बाहेर टाकला आणि गाडी मागे सरकायला लागली. धाडकन नाही, आळसावलेल्या म्हशीसारखी सावकाश, पण सरकली. परत आत पडून ब्रेक दाबला तेव्हा फूटभरावर थांबली. मागे कोणी नव्हतं हे नशीब. गिअरमध्ये टाकली नव्हती ही चूक माझीच, पण गिअर हा हँडब्रेकचा जोडीदार आहे, त्याच्या बदली काम करणारा गडी नाही.

वरती आणून हँडब्रेकची दांडी पूर्ण ओढताना वाजणारे खटके मोजले. ११. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ५ ते ७ लिहिलेत, प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा असतो तेव्हा आपापलं मॅन्युअल बघायचं. रॅम्प फोनच्या लेव्हलने मोजला तर ८ अंश निघाला, म्हणजे साधारण १४ टक्के चढ. कारच्या ब्रेकचा जो संयुक्त राष्ट्रांचा आर १३-एच नियम आहे त्यात भरलेली गाडी नुसत्या पार्किंग ब्रेकवर २० टक्के उतारावर थांबली पाहिजे असं आहे आणि त्यासाठी हाताने ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे चाळीसेक किलोपेक्षा, जास्त जोर लागता कामा नये. इथे आमची मी एकटा बसलेलो असताना १४ ला हात वर करतेय.

गाडी साधी आहे, छोटी हॅचबॅक, पुढची चाकं ओढणारी, मागे ड्रम ब्रेक (चाकासोबत ड्रम फिरतो, आतले दोन शू पसरून त्याला धरतात, शूवरचा घासणारा थर म्हणजे लायनर), मध्ये दांडी आणि खालून दोन केबली. बटणवाला इलेक्ट्रिक प्रकार नाही. म्हणजे हाताने होण्यासारखं काम आहे.

१८ मे

केलं, अर्ध्या तासात. दांडीखालचं प्लास्टिकचं कव्हर काढलं, आत ऍडजस्टिंगचा नट, १० चा पाना लावून पिळत गेलो आणि खटके ११ वरून ६ वर आले. हाताला मस्त कडक लागतंय. पिळताना एक गोष्ट दिसली की नटाच्या पुढे आटे आधीच बरेच बाहेर आलेले होते. मागच्या वर्षी मीच पिळला होता, त्याच्या आधी सर्व्हिसिंगला कोणीतरी पिळला असणार. प्रत्येकाने येऊन थोडा थोडा पिळलाय.

बाबा खाली आले होते, बघून म्हणाले, "अरे, ड्रम उघडून बघितलास का?" मी म्हटलं, बाबा, सहा खटके आलेत, कशाला उघडायचं. ते काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मला ओळखता यायला हवं होतं.

२४ मे

दोन गोष्टी झाल्या. एक, परवा चाळीसेक किलोमीटर चालवून आलो तर डाव्या मागच्या चाकाजवळ जळका वास. हात जवळ नेला तर रिम चांगलीच तापलेली, उजवी नुसती कोमट. दोन, रॅम्पवर परत मुद्दाम करून बघितलं, पाय पेडलवर तयार ठेवून. सहा खटक्यांवर कडक दांडी, आणि गाडी तरीही सरकली, फक्त आधीपेक्षा सावकाश.

म्हणजे दांडी कडक आहे आणि ब्रेक ढिलाच आहे. दोन्ही एकाच वेळी. मग रात्री बसून कागदावर चित्र काढलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

दांडीची ओढ आधी एका आडव्या पट्टीवर येते, इक्वलायझर म्हणतात तो, आणि त्याच्या दोन टोकांना डावी उजवी केबल. तराजूच्या दांडीसारखं. एक बाजू अडली की पट्टी तिरकी होते आणि सगळी चाल दुसऱ्या बाजूला जाते. हाताला कळत काहीच नाही, कारण अडलेली केबलसुद्धा आपली अर्धी ओढ खाते, फक्त ती ड्रमपर्यंत पोचत नाही, वाटेतच घर्षणात संपते. म्हणजे उजवी केबल जाम असेल तर मी नट पिळून फक्त डावं चाक आवळत बसलो होतो. म्हणून डावं तापतंय.

उद्या जॅकवर घेऊन खात्री करायची. नट तोवर दोन फेरे ढिला केलाय, डावं घासत राहिलं तर लायनर जळेल.

२५ मे

पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून उटी, म्हणजे चाक सरकू नये म्हणून लावायची पाचर, पहिला गिअर, मग मागून उचलून स्टँडवर. हँडब्रेकचंच काम असल्यामुळे हँडब्रेक सोडलेला असणार, तेव्हा उटीशिवाय गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, आणि नुसत्या जॅकवर तर नाहीच.

बायको आत बसली, मी बाहेरून चाक फिरवत, ती एकेक खटका ओढत. तीन खटके, डावं घासायला लागलं. चार, डावं बंद. उजवं? पाच, सहा, सात, भिंगरीसारखं फिरतंय. ती आतून विचारतेय "आता?" आणि मी म्हणतोय अजून एक, अजून एक. नऊला उजव्याने जरासं कुरकुर केलं एवढंच.

म्हणजे गेले कित्येक महिने आमची गाडी एका चाकाच्या हँडब्रेकवर उभी राहत होती. बाबांना सांगितलं. म्हणाले, "मग आता उघडणार का?"

नवीन लायनरचा सेट (दोन्ही चाकांचा, एका बाजूचे कधी बदलायचे नाहीत), दोन्ही केबली आणि स्प्रिंगांचं किट मागवून ठेवलं.

३१ मे, शनिवार

दिवस गेला, पण बघायला मिळालं सगळं.

ड्रम काढायच्या आधी नट पूर्ण ढिला केला, नाहीतर लायनर आतून ड्रमला धरून बसतात. डावा दोन ठोक्यात निघाला. उजवा हलेना. हबच्या, म्हणजे ड्रम ज्यावर बसतो त्या मधल्या भागाच्या, कडेला गंज, तिथे गंज सोडवायचं तेल मारून अर्धा तास सोडला, मग ड्रमवर जी दोन आट्यांची भोकं असतात त्यात ८ एमएमचे दोन बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा अर्धा फेरा पिळत गेलो. ती भोकं त्याचसाठी असतात, लोक उगाच हातोडीने ड्रमची कड फोडतात. पाचव्या की सहाव्या फेऱ्याला ठाप् करून आवाज आला आणि ड्रम मांडीवर.

आतली काळी पूड फुंकायची नाही, हवेच्या प्रेशरने तर अजिबात उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ऍस्बेस्टॉस असायचं आणि आपल्या गाडीत कुठल्या काळातलं काय बसवलंय कोणी बघितलंय. मास्क लावून, ब्रेक क्लीनरने ओलं करून, खाली ट्रे ठेवून धुतलं.

उजवीकडची हकीकत:

लायनर अजून शिल्लक होते, पुढचा १.८ एमएम, मागचा २.४. पुढचा जास्त झिजतो कारण पुढे जाताना ड्रम त्याला आपल्यासोबत ओढत स्वतःवर आवळून घेतो, मागच्याला स्वतःपासून लांब ढकलतो. पण वरचा थर आरशासारखा चकाकत होता, नखाने खरवडलं तरी ओरखडा उठेना. ड्रमवर मॅक्स १८२ कोरलंय, मोजला तर १८०.६, म्हणजे ड्रम चालेल. पेडल दाबल्यावर ऑइलच्या दाबाने शू पसरवणारा जो व्हील सिलेंडर, त्याचं रबर अलगद उचलून आत बघितलं, कोरडं ठणठणीत. बरं झालं, कारण ऑइल गळत असतं तर सगळा लायनर त्यात भिजला असता आणि पाइप उघडून हवा काढायचं काम वाढलं असतं.

केबल मात्र मेलेली. ड्रमजवळचं रबरी बूट फाटलंय, तिथून पाणी आत जात राहिलं आणि आतली तार आवरणात गंजून चिकटलीये. पकडीने ओढली तर सेंटीमीटरभर आली आणि आली तिथेच राहिली, परत जाईना. तेल सोडून बघितलं, थोडी सैल झाली पण स्वतःहून मागे जात नाही ती केबल कामाची नाही, उद्या ब्रेक लावलेल्या अवस्थेत अडकली तर ड्रम पेटवेल.

आणि ऍडजस्टर. दोन शूंच्या मधे जो आट्यांचा दांडा असतो, त्यावर दातेरी चाकी, आणि एक छोटी पट्टी ब्रेक दाबताना शू जास्त लांब गेले की चाकीचा एक दात पुढे सरकवते. त्यामुळे लायनर झिजले तरी शू ड्रमच्या जवळच राहतात. उजवीकडची चाकी गंजून दगड झाली होती.

आता डावीकडची गंमत, जिच्यासाठी ही नोंद खरं म्हणजे लिहितोय. डावा ऍडजस्टर चांगला होता, तरी शू ड्रमपासून बरेच लांब. का? तर शूवरची हँडब्रेकची पट्टी, केबल जिला ओढते ती, तिची विसाव्याची जागा असते, शूच्या कडेला एक टोक टेकून बसतं. नट ढिला करायच्या आधी मी डाव्या ड्रमच्या भोकातून बॅटरी मारून बघितलं होतं, तर ते टोक शूपासून तीनेक एमएम उचललेलं. केबल कायम ताणलेली, म्हणजे पट्टी कायम अर्धी ओढलेली. ती विसाव्यावर नसेल तर ऍडजस्टरला शू आधीच पसरलेले भासतात, तो दात पुढे टाकतच नाही. लायनर झिजत राहतो, शू लांब राहतात, दांडी परत वर यायला लागते, मग कोणीतरी शहाणा येऊन नट पिळतो. तो शहाणा दोन वेळा मी होतो.

१ जून

जोडणी. एका वेळी एकच बाजू उघडायची म्हणजे दुसरी नकाशा म्हणून समोर राहते, हे पाळलं. फोटोही काढले. फक्त दोन्ही ऍडजस्टर काल एकदमच काढून रात्री रॉकेलच्या डब्यात भिजत टाकले होते, ते आज तारेच्या ब्रशने घासून, आटे मोकळे करून, पातळ ग्रीस लावून बसवले. उजव्याचा दगड तासाभराच्या चिकाटीने सुटला, दोन बोटांनी फिरायला लागला तेव्हा उगाच बायकोला बोलावून दाखवला.

बॅकप्लेटवर, म्हणजे ड्रममागच्या पत्र्यावर, शू जिथे टेकतात ते सहा उंचवटे घासून साफ केले, तिथे ब्रेकचंच ग्रीस, तेही बोटाने पुसल्यासारखं. जास्त लावलं तर तापून लायनरवर उतरतं. जुन्या शूवरच्या पट्ट्या नव्यावर चढवल्या, ती बारकी घोड्याच्या नालासारखी क्लिप एकदा उडाली आणि वीस मिनिटं जमिनीवर हात फिरवत होतो, सापडली माझ्याच बुटाच्या लेसमध्ये. खालची स्प्रिंग आधी अडकवून मग शू पसरवले तर सोपं जातं, उलट केलं तर पक्कड हातातून निसटून मनगटावर बसते. बसली.

नव्या केबली जुन्याच वाटेने, प्रत्येक क्लिपमधून, सायलेन्सरच्या पाइपपासून लांब. कुठे तीव्र वळण येऊ दिलं नाही.

मग क्रम. आधी चाकी फिरवून शू इतके पसरवले की ड्रम हलका घासत सरकून बसेल, काढ घाल काढ घाल असं चार वेळा झालं. दोन्ही ड्रम लावले. मग पेडल वीसेक वेळा दाबलं म्हणजे ऍडजस्टर उरलेलं अंतर स्वतः घेतो, आतून टिक टिक ऐकू यायला हवी. टिक टिक आली नाही. म्हटलं हातानेच इतकं बरोबर बसवलंय की घ्यायला काही उरलंच नाही.

सगळ्यात शेवटी नट. दांडी पूर्ण खाली, दोन्ही पट्ट्या विसाव्यावर आहेत ते भोकातून बघून, केबलचा झोल जेमतेम जाईल एवढाच फिरवला. दांडी पाच सहा वेळा जोरात ओढून केबली बसवून घेतल्या, परत अर्धा फेरा. आता दुसऱ्या खटक्याला दोन्ही चाकं घासायला लागतात, पाचव्याला दोन्ही बंद, खाली सोडली की दोन्ही मोकळी. नटावर आणि आट्यांवर मिळून पांढऱ्या पेंटचा एक ठिपका ओढून ठेवला, पुढे कोणी पिळला तर कळेल. कोणी म्हणजे मी.

रॅम्प: पाच खटके, न्यूट्रल, पाय पेडलच्या वर तरंगत. उभी. गाडी आणि आम्ही दोघं मिळून १०५० किलो धरलं तर ८ अंशावर खाली ओढणारा जोर साधारण १४५ किलोचा होतो, तो आता दोन चाकं वाटून घेतायत. तोंड खाली करूनही बघितलं, तीही उभी.

३ जून

नवे लायनर ड्रमवर घासून नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ४० च्या स्पीडवरून हलके हलके ब्रेक, मधे थंड व्हायला वेळ देऊन. हँडब्रेकसाठी वेगळं, सरळ कोरडा रस्ता, मागे पुढे कोणी नाही, २० चा स्पीड, दांडीचं बटण अंगठ्याने दाबूनच ठेवायचं आणि दोन तीन सेकंद हलकं ओढून सोडायचं. सहा वेळा केलं. बटण सोडलं तर दांडी अडकते आणि मागची चाकं घसरतात, म्हणून अंगठा हलवायचा नाही.

८ जून, रविवार

खटके ७.

नवी केबल पहिल्या काही दिवसात बसते, थोडी लांबते, हे ठाऊक आहे, पण पेडलही खाली जायला लागलंय. पहिल्यांदा दाबलं की अर्ध्याच्या खाली, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर आणि टणक. ब्रेकच्या पाइपात हवा असती तर पेडल स्पंजासारखं लागलं असतं, आणि पाइप तर मी उघडलाच नाही. दोनदा दाबून वर येतंय याचा अर्थ शू ड्रमपासून लांब गेलेत, पहिल्या दाबात ऑइल ते अंतर भरण्यातच जातं.

नवे लायनर, साफ ऍडजस्टर, आणि शू लांब जातायत? १० चा पाना हातात घेऊन दांडीचं कव्हर काढलंही होतं. पांढरा ठिपका दिसला आणि परत लावून टाकलं.

११ जून

खटके ९. दहा दिवसांत चार वाढले. पेडल अजून खाली. गाडी शनिवारपर्यंत जागेवरून हलवायची नाही ठरवलं, हा आता नुसता हँडब्रेकचा विषय राहिला नाही.

१४ जून, शनिवार

सापडलं, आणि सापडल्यावर बराच वेळ स्टुलावर नुसता बसून होतो.

उजवा ड्रम उघडला (आता बोटाने निघतो), ऍडजस्टरची पट्टी स्क्रू ड्रायव्हरने वर खाली करून बघितली. टिक, दात सरकला, चाकी फिरली. छान. परत टिक. आणि दांडा लांब व्हायच्या ऐवजी आखूड झाला. परत केलं, अजून आखूड. म्हणजे ऍडजस्टर रोज इमानेइतबारे काम करत होता, उलट्या दिशेने.

डाव्या आणि उजव्या ऍडजस्टरचे आटे एकमेकांच्या विरुद्ध असतात. एकाचे साधे, एकाचे उलटे. मी दोन्ही एका डब्यात भिजत टाकले आणि अदलाबदल करून बसवले. दिसायला अगदी जुळे. दांड्याच्या टोकावर पुसट एल आणि आर कोरलेलं आहे, गंजाखाली होतं, आज पॉलिश पेपरने घासल्यावर वाचता आलं. सुरुवातीला शू मी हातानेच टाइट बसवल्यामुळे पट्टीला एक दात ओलांडायचीच वेळ आली नाही, म्हणून टिक टिक नव्हती आणि म्हणून रॅम्पवर सगळं ठीक होतं. लायनर जरा बसले, अंतर एका दातापुरतं झालं, तिथून पट्टीने उघडायला सुरुवात केली, अंतर वाढलं, अजून उघडलं. स्वतःचं स्वतः वाढत जाणारं दुखणं. आणि ही अदलाबदल पेडलच्या ब्रेकवर आली होती, नुसत्या हँडब्रेकवर नाही, त्याचा विचार आला की अजून पोटात कसंतरी होतं.

अदलाबदल सुधारली. दोन्ही बाजूंना ड्रम लावायच्या आधी पट्टी हाताने हलवून दांडा लांबच होतोय ना ते तीन तीनदा बघितलं. दोन मिनिटांची तपासणी आहे, १ जूनला केली असती तर. दोन्ही ऍडजस्टरवर पंच मारून एक ठिपका डाव्याला, दोन उजव्याला. यावेळी अंतर मुद्दाम किंचित जास्त ठेवलं, पेडल दाबलं, आणि आली टिक टिक. बायको आत बसून दाबतेय आणि मी चाकाला कान लावून मोजतोय, डावं सात, उजवं नऊ, मग शांत. पेडल वर आलं आणि वरच राहिलं.

नटाला हात लावला नाही. दांडी ओढली, खटके परत ५. ठिपका जिथल्या तिथे.

बाबांना आट्यांचं सांगितलं तर म्हणाले, "सायकलच्या पेडलसारखं." हो, तसंच, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पंधरा वर्षं सायकल खोललीये मी.

२९ जून

चारशे किलोमीटर झाले. खटके ५, रॅम्पवर दोन्ही तोंडाने उभी. चालवून आल्यावर दोन्ही मागच्या रिम सारख्याच कोमट. पावसात एकदा रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवली होती, सकाळी निघताना ड्रमने कट् करून आवाज केला, ओलं लायनर ड्रमला चिकटतं त्याचा, पहिल्या दोन मीटरात सुटलं. आता सपाट जागी ओल असेल तर गिअरमध्ये ठेवून उटी लावतो.

जुनी उजवी केबल फेकली नाही. दांडीच्या कव्हरखाली ठिपक्याशेजारी कागदाची एक चिठ्ठी टेपने चिकटवलीये, "आधी ड्रम उघड". अक्षर बाबांचं आहे, मी फक्त टेप लावली.